तबकडी उलटी करून बघा

नांदेडात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पाच-सहा जण तबकड्या घेऊन बसतो. मी अर्धापूरहून जातो. एसटीत मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तीन-चार एलपी. शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "फोटो न्यायलाव का?" मी हो म्हणतो. जॅझ म्हणजे काय हे अर्धापूर ते नांदेड एवढ्या अंतरात सांगून होत नाही.

आमच्यात एक निवृत्त बँकवाले आहेत. तरुणपणी रात्री शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लावून विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम खरखरीतून ऐकायचे. एक डॉक्टर आहेत, एक साउंड सर्व्हिसवाला आहे, दोन पोरं इंजिनिअरिंगची. गेल्या हिवाळ्यातल्या बैठकीला मी गावातल्या एका बँडवाल्या काकांना घेऊन गेलो. वय सत्तरच्या पुढे. पन्नास वर्षं लग्नात क्लॅरोनेट वाजवली. आता दम पुरत नाही म्हणून पोराकडे बँड दिलाय.

टेबलावर दोन तबकड्या होत्या. दोन्ही रीइश्यू, म्हणजे जुन्या तबकडीची नव्यानं काढलेली आवृत्ती. दोन्ही जड, 180 ग्रॅमच्या. एक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. दुसरी एका जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांची.

आधी माइल्स लावली. काका डोळे मिटून ऐकत होते. सॅक्सोफोन सुरू झाला तसे डोळे उघडले. "कोण वाजवायलाय हे?" आम्ही सगळे एकदमच बोललो. जॉन कोल्ट्रेन. नंतरचा दुसरा सॅक्सोफोन कॅननबॉल ॲडर्लीचा. पियानोवर बिल एव्हान्स, एका तुकड्यापुरता विंटन केली. बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. ध्वनिमुद्रण 1959 सालचं, 2 मार्च आणि 22 एप्रिल, न्यूयॉर्क. डॉक्टरांनी तर कोल्ट्रेनचं जन्मसालही सांगितलं.

मग हिंदी तबकडी लावली. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या संगीतात क्लॅरोनेट आली. काका ताठ बसले. हा तुकडा त्यांनी ऐन विशीत हॉटेलातल्या रेकॉर्डवरून उचलला होता. चहावर चहा पिऊन, पुन्हा पुन्हा लावायला सांगून. पुढे हजारभर वरातींत तो वाजवला. त्यावर त्यांचं नाव झालं, घर चाललं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, "हे कोण वाजवायलाय?"

खोलीत कुणीही बोललं नाही. मी कव्हर उलटं केलं. संगीतकार, गीतकार, गायक, कंपनीचं बोधचिन्ह, बारकोड. वाजवणाऱ्याचं नाव कुठंही नव्हतं.

"तुमाला बी माहीत नाई का सर?" काकांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. एवढे शिकलेले लोक, एवढ्या महागाच्या तबकड्या, आणि एवढं साधं माहीत नाही?

हा लेख त्या आश्चर्याबद्दल आहे. माझा आरोप कंपन्यांवर आहेच, पण पहिला आरोप आपल्यावर आहे; तबकड्या जमवणाऱ्यांवर, माझ्यावर धरून. आपण प्रेसिंगवर तासन्‌तास बोलतो. हे मूळ टेपवरून केलंय की डिजिटल फाइलवरून, सुई कुठली, कव्हरचा कोपरा दुमडलाय का, किंमत वाढेल का, सगळ्यावर बोलतो. तबकडीत फुंकणाऱ्या माणसाबद्दल मात्र आपल्याला काहीच विचारावंसं वाटत नाही. ह्याला संग्रह म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मला तो गुदामाचा हिशेब वाटतो.

कुणी म्हणेल, जॅझचं वेगळं आहे. त्यांच्याकडे नावं छापायची पद्धतच आहे, आपल्याकडे नाही. हे अर्धसत्य आहे, आणि त्यातलं उरलेलं अर्धं आपल्याला लाज आणणारं आहे.

जॅझची पहिली तबकडी 1917 सालची, ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ची. त्या काळातल्या आणि पुढच्या वीसेक वर्षांतल्या 78 आरपीएमच्या बहुतेक तबकड्यांच्या लेबलवर बँडचं किंवा म्होरक्याचं नाव असे, बस्स. कॉर्नेट कुणी वाजवली, ट्रॉम्बोन कुणाचा, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. मग आज ती नावं आपल्याला कशी माहीत आहेत? तबकड्या जमवणाऱ्यांनी ती खणून काढली म्हणून. पॅरिसच्या शार्ल दलोनेनं 1936 मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली. कोणत्या तबकडीवर कोण वाजवतं याची ती पोथीच होती. पुढे इंग्लंडच्या ब्रायन रस्टनं 1942 पर्यंतच्या जॅझ तबकड्यांची जाडजूड सूची केली. ही माणसं वादकांना भेटली, पत्रं लिहिली, कंपनीच्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या, कानावर विश्वास ठेवून वाद घातले, चुकले, पुढच्या आवृत्तीत सुधारलं. नावाला किंमत आहे हे त्यांनी आधी ठरवलं. पन्नाशीतल्या ब्लू नोटसारख्या कंपन्यांच्या कव्हरांवर मागच्या बाजूला प्रत्येक वादक वाद्यासकट दिसतो, तो अशाच नावं विचारणाऱ्या ऐकणाऱ्यांसाठी छापलेला आहे.

रीइश्यूचा खरा उपयोगही ‘काइंड ऑफ ब्लू’मधूनच कळतो. पहिल्या बाजूचे तीन तुकडे ज्या यंत्रावर मुद्रित झाले ते किंचित सावकाश चाललं होतं. त्यामुळे तबकडीवर ते तिन्ही तुकडे मूळ स्वरापेक्षा जरा चढे वाजत. तीस वर्षांहून अधिक काळ सगळं जग ते तसंच ऐकत होतं. नव्वदच्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून रीइश्यू काढला तेव्हा कुठे स्वर जागेवर आला. पहिल्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन तुकड्यांच्या नावांची अदलाबदल झाली होती, तीही दुरुस्त झाली. रीइश्यू म्हणजे चूक दुरुस्त करायची दुसरी संधी. आपल्याकडे ही संधी आली की आपण जुनी चूक जड प्लास्टिकवर, चकचकीत कागदात गुंडाळून, दसपट किमतीला विकत घेतो.

आता आपल्याकडची चूक किती जुनी आहे ते बघा. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गनं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता तिनं इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. त्यावर आजही लोक हळवे होतात. पण ती कंपनीची सोय होती. तबकड्या छापायला जर्मनीत हानोवरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणतं गाणं कुणाचं हे कळायला हवं होतं. कंपनीला गरज होती तेवढं एक नाव घेतलं गेलं. साथीला कोण बसलं होतं हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आपण त्याच हिशेबानं चाललोय.

आणि आपल्या सिनेसंगीतातले हे बिननावाचे लोक कोण होते? त्यातले कितीतरी जॅझवाले होते. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीनं वारला. या लोकांबरोबर आणि त्यांच्यानंतर ताजमध्ये, मुंबईच्या क्लबांमध्ये वाजवू लागले ते गोव्याचे वादक. त्यांना नोटेशन लिहिता-वाचता येत होतं. सिनेमाच्या संगीतकारांना त्याचीच गरज होती. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणायची, तो पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. 1951 च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळाची रचना वर्षानुवर्षं केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालांचे गुरू. त्यांचं नाव देशाला पाठ आहे, पण ते 1977 च्या सिनेमातल्या एका गमतीच्या गाण्यामुळे. आपल्या देशात वादकाचं नाव घराघरात पोचवायला त्याच्या शिष्याला ते अमिताभ बच्चनच्या तोंडी घालावं लागलं.

यांची कहाणी लिहिली कुणी? ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकानं मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांना भेटून 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिलं. त्याआधी 2005 मध्ये याच माणसानं आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ लिहिलं होतं. मुंबईच्या जॅझवरचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ पत्रकार नरेश फर्नांडिस यांचं. तिन्ही पुस्तकं इंग्रजीत. ज्या मराठी माणसाच्या घरात सी. रामचंद्रांची प्रत्येक तबकडी आहे त्यानं या विषयावर मराठीत दहा पानं लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे काम झालेलंच नाही असं मी म्हणत नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला. 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या लोकांनी तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं, आणि सोलापुरापर्यंत हे काम गेलं. म्हणजे मुंबईबाहेरच्या साध्या नोकरदार माणसांनाही हे जमतं हे सिद्ध झालेलं आहे. मुद्दा पुढचा आहे. गाणं, गायक, संगीतकार, तबकडीचा क्रमांक इथपर्यंत आपण आलो. वादकापाशी येऊन थांबलो.

आक्षेप मला माहीत आहेत. आमच्याच बैठकीत सगळे येऊन गेलेत.

पहिला: कान महत्त्वाचा, नावं म्हणजे नुसती माहिती. हे म्हणणाऱ्यांनाच कोल्ट्रेनची सगळी नावं-सालं पाठ असतात. अमेरिकन माणसाचं नाव म्हणजे रसिकता आणि आपल्या माणसाचं नाव म्हणजे नुसती माहिती, हा कुठला न्याय?

दुसरा: सिनेसंगीत संगीतकाराचं, वादक फक्त लिहिलेलं वाजवतो. मग क्लॅरोनेटचा तो तुकडा कुणीही वाजवला असता तर तसाच वाजला असता का? हे अर्धापूरच्या काकांना सांगून बघा. त्यांनी तो उचलताना स्वर उचलले तसा फुंकणाऱ्याचा दमही उचलला. कुठं श्वास घेतला, कुठं स्वर जरा वाकवला, हे कागदावर नसतं. शिवाय 1968 मध्ये शंकर-जयकिशननी रईस खानांची सतार घेऊन ‘राग जॅझ स्टाइल’ काढली, तिच्या वादकांची यादी आज सांगता येते: सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि बाकीचे. संगीतकार तेच, मुंबई तीच. वादकांची नावं आल्यामुळे शंकर-जयकिशन काही लहान झाले नाहीत.

तिसरा: आता उशीर झाला, नोंदी नाहीत. काही बाबतीत हे खरं आहे, आणि म्हणूनच घाई आहे. दरवर्षी आठवणारी माणसं कमी होताहेत. स्टुडिओत बसलेला एखादा म्हातारा व्हायोलिनवाला अजून वांद्र्यात, मडगावात असेल. तो शेजारच्या खुर्चीवरच्या क्लॅरोनेटवाल्याचं नाव सांगू शकेल. दहा वर्षांनी नाही सांगू शकणार.

चौथा, आणि हा बाहेरचे लोक घेतात: अर्धापुरात जॅझ कशाला? आपलं नाही ते. लाखेच्या तबकड्यांचा जमाना आठवा. ती लाख पळसा-बोरीच्या झाडांवरची, बरीचशी आपल्याच देशातून जगभर गेलेली. न्यूऑर्लीन्समध्ये जॅझ वाढला तो मिरवणुकीतल्या, मयतीतल्या पितळी बँडांच्या संगतीनं. मिरवणुकीत पितळ कसं वाजतं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. परकं काही असेल तर वाजवणाऱ्याचं नाव विचारण्याची सवय. तेवढी मात्र त्यांच्याकडून उसनी घ्यायला हवी.

तेव्हा जमवणाऱ्या मित्रांनो, तीन गोष्टी करा. रीइश्यू विकत घ्यायच्या आधी कव्हर उलटं करून बघा. वादकांची नावं नसतील तर घेऊ नका, आणि का घेतला नाही ते कंपनीला लिहून कळवा. आपण थोडे आहोत हे खरं, पण साडेतीन हजारांची तबकडी घेणारे आपणच थोडे आहोत. दुसरं, तुमच्याकडच्या प्रत्येक तबकडीमागे एक पान वाढवा. वादकाचं नाव, कुणी सांगितलं, खात्री किती. चुकलं तर चुकलं, रस्टही चुकत होता. तिसरं, ते पान कपाटात ठेवू नका. दुसऱ्यांना द्या, मराठीत लिहा.

आम्ही वही घातली आहे. साउंड सर्व्हिसवाल्यानं दोनशे पानी आणली. त्या हिंदी तबकडीच्या पानावर क्लॅरोनेटपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. डॉक्टरांनी मुंबईला दोन जणांना पत्रं टाकली आहेत, एकाचं उत्तर आलं, पण त्यांना खात्री नाही. काका दर महिन्याला विचारतात, "लागला का पत्ता?" मी नाही म्हणतो. त्यांच्या स्वतःच्या बँडचीही एक जुनी कॅसेट आहे, ऐंशीच्या दशकातली. तिच्यावर फक्त बँडचं नाव होतं. तिच्यासाठी वेगळं पान केलंय. वाजवणारे अकरा जण होते, नऊ नावं काकांना आठवली. उरलेल्या दोघांसाठी पुढच्या आठवड्यात आम्ही भोकरला जाणार आहोत.