कावीळ उतरली, पण विषाणू?

रत्नागिरीच्या वाडीवस्तीवर कावीळ झाली की झाडपाल्याचे औषध आणि कडक पथ्य सुरू होते. डोळ्यांतला पिवळेपणा गेला की घरचे निर्धास्त होतात. हेपॅटायटिस ‘बी’चा जुनाट संसर्ग मात्र बहुतेकदा पिवळेपणा दाखवतच नाही.

हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडतो. पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हा मरतात. या झीजभरीत व्रण साठत जातात; हेच वाढून सिरोसिस होतो. शिवाय तो स्वतःचा डीएनए यकृताच्या पेशींत घुसवतो. त्यामुळे सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

अमिताभ बच्चन यांना १९८२मध्ये ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणातील अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून ही लागण झाली. ती उघड झाली तब्बल १८ वर्षांनी. तोवर यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाल्याचे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

खरी लढाई बाळंतिणीच्या खोलीत आहे. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या १० पैकी ९ बाळांत ती कायमची राहते. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. बाळाच्या मांडीत २४ तासांच्या आत टोचलेली अर्धा मिलिलिटर लस ही वाट अडवते. तैवानने १९८४पासून बाळांना लस दिली आणि तिथे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला.

हेपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८पासून सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत आहेत. घरात कुणाला ‘बी’ निघाला असेल, तर प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे, आणि गरोदर सुनेने सर्वांत आधी.