हैदराबादच्या निकाहाला पेट्रोलची गाडी काढावी की डिझेलची?

२०२६ चा रमजान फेब्रुवारीतला. त्यामुळे त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत निकाहांची एकच गर्दी उडाली. बीड जिल्ह्यातल्या आपल्या बऱ्याच घरांची एक तरी सोयरिक हैदराबादेत असते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो, ती नाती अजून तुटलेली नाहीत. दावतनामा आला की घरात पहिला वाद कपड्यांवरून होतो आणि दुसरा गाडीवरून. मामूंची एर्टिगा काढायची की चाचांची डिझेल गाडी? चाचा हमखास म्हणतात, "डिझेल स्वस्त आहे, माझीच काढा."

चाचांचं म्हणणं खोटं नाही, फक्त जरा जुनं झालं आहे. नेमका किती फरक पडतो ते कागदावर मांडून बघू.

बीडहून मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद आणि तेलंगणातलं जहीराबाद करत हैदराबाद गाठायला साधारण ४३० किलोमीटर होतात. येऊन-जाऊन ८६०, आणि तिकडे चारमिनार, शादीखाना, नातेवाइकांची घरं यात ४० धरा. एकूण ९०० किलोमीटर.

२०२५ च्या अखेरीस बीडमध्ये पेट्रोल लिटरला साडेएकशेपाच आणि डिझेल साडेब्याण्णव रुपयांच्या आसपास होतं. सात माणसं, डिकीत बॅगा, वर एसी चालू, अशा अवस्थेत पेट्रोलची गाडी १५ चं अॅव्हरेज देते असं समजू. कंपनीच्या पत्रकावरचा आकडा विसरा, तो रिकाम्या गाडीचा असतो. ९०० किलोमीटरला ६० लिटर, म्हणजे ६,३३० रुपये. बेताच्या आकाराची चांगली डिझेल गाडी त्याच रस्त्याला १८ देत असेल तर ५० लिटर, म्हणजे ४,६२५ रुपये. डिझेलवाल्याचे १,७०० रुपये वाचले.

पण चाचांची गाडी बोलेरोसारखी उंच, जड आणि १४ चं अॅव्हरेज देणारी असेल, तर तिला ६४ लिटर डिझेल लागतं आणि खर्च होतो ५,९५० च्या घरात. म्हणजे एर्टिगापेक्षा चारशे रुपयेसुद्धा कमी नाही. तेव्हा "पेट्रोल की डिझेल" याआधी "तुमची गाडी भरल्या बाजारी अॅव्हरेज किती देते" हे विचारायला हवं. ते मोजायचं सोपं आहे. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर परत फुल करा आणि भागाकार करा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा मालकाचं मन राखणारा असतो.

आता चाचांचं गणित जुनं का झालं ते पाहू. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारने मोकळे सोडले, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिलं. त्या मधल्या चार वर्षांत दोघांत मोठी दरी पडली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. फरक तब्बल ३२ रुपयांचा. ज्या प्रवासाला पेट्रोलच्या गाडीत १०० रुपये जळायचे, तिथे डिझेलवाल्याचं ४७ मध्ये भागायचं. टवेरा, इनोव्हा, डिझेलची स्विफ्ट यांचा दबदबा त्या काळातला आहे. २०२५ च्या अखेरीस त्याच हिशेबाने १०० ला ७३ रुपये पडत होते. फायदा आहेच, पण पूर्वीइतका राहिलेला नाही. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं गेलं, कारण तिथल्या सरकारने त्यावरचा व्हॅट ३० टक्क्यांवर नेला होता.

२०२५ च्या अखेरीस बीडमध्ये दोन्हींत जो १३ रुपयांचा फरक होता, तो आला कुठून? पेट्रोलवर केंद्राचा उत्पादन शुल्क आणि त्यासोबतचे उपकर मिळून लिटरमागे २१ रुपये ९० पैसे होते, डिझेलवर १७ रुपये ८० पैसे. त्यावर आपलं राज्य पेट्रोलला २५ टक्के व्हॅट आणि वर ५ रुपये १२ पैसे घेत होतं, डिझेलला २१ टक्के. ढोबळमानाने बेरीज केली तर बीडच्या पंपावर पेट्रोलच्या एका लिटरमध्ये ४७ रुपये कर होता आणि डिझेलच्या लिटरमध्ये ३४. हे कर काढून टाकले तर दोन्ही तेलं जवळपास एकाच भावाची, साडेअठ्ठावन्न रुपयांच्या आसपास. म्हणजे पेट्रोल-डिझेलमधली अख्खी दरी कराचीच होती. मुंबई-दिल्लीत एक अधिसूचना निघाली की ती उद्या अरुंदही होऊ शकते. दहा वर्षांचा हिशेब करून डिझेल गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आपल्या हैदराबाद फेरीत पेट्रोलच्या ६,३३० रुपयांपैकी जवळपास २,८०० रुपये असे करात जात होते, डिझेलवाल्याच्या ४,६२५ पैकी १,७००. २०२५ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ६०-६५ डॉलरपर्यंत उतरला होता. त्याचा लाभ पंपावर दिसला का? नाही. मार्च २०२४ मध्ये दर दोन रुपयांनी उतरले, त्यानंतर २०२५ च्या अखेरपर्यंत ते जवळपास तिथेच थांबले होते. उलट एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने दोन्ही तेलांवरचा शुल्क दोन-दोन रुपयांनी वाढवला. भाव तेवढाच ठेवला, म्हणून फारशी ओरड झाली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याच्या जाहिराती मात्र सगळ्यांनी पाहिल्या. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, ते बाहेरच राहिलं.

जुलै २०२४ मध्ये राज्याने व्हॅट घटवला, पण तो मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा. तिथला जादा दर उरलेल्या महाराष्ट्राच्या बरोबरीला आणला, आपल्या वाट्याला काही आलं नाही. २०२५ च्या अखेरीसही मुंबईत पेट्रोल साडेएकशेतीन होतं आणि आपल्याकडे डेपोपासूनच्या वाहतुकीचा भार धरून दोन रुपये जास्त.

पेट्रोलवाल्यांना आणखी एक घाटा आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नव्या, त्यासाठी बनलेल्या गाड्यांचं अॅव्हरेज एक-दोन टक्के आणि जुन्या गाड्यांचं तीन ते सहा टक्के घटू शकतं, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं आहे. पाच टक्के धरले तर हैदराबाद फेरीत तीन लिटर जास्त, म्हणजे तीनशे रुपये. या इथेनॉलचा बराच भाग उसातून येतो आणि ऊस तोडायला आपल्याच जिल्ह्यातली माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघतात. स्वस्त पेट्रोल ना त्यांना मिळालं, ना आपल्याला.

टाकी कुठे भरायची, याचाही विचार करा. या एका रस्त्यावर तीन राज्यांचे तीन दर लागतात. तेलंगणात पेट्रोलवर ३५ टक्क्यांवर व्हॅट आहे, त्यामुळे २०२५ च्या अखेरीस हैदराबादेत पेट्रोल साडेएकशेसात आणि डिझेल ९५ रुपये ७० पैशांच्या आसपास मिळत होतं. मधल्या बीदर जिल्ह्याच्या पट्ट्यात पेट्रोल बीडपेक्षाही रुपया-दोन रुपयांनी कमी होतं. हुमनाबादला टाकी फुल केली तर हैदराबाद, तिथलं फिरणं आणि परत हुमनाबाद एवढं साडेतीनशे किलोमीटरचं अंतर आरामात निघतं, तेलंगणाचा थेंबही लागत नाही. बचत किती? शंभर रुपयांच्या आत. हैदराबादेत त्यात धड एक प्लेट बिर्याणी येत नाही. वाटेवर आहे म्हणून भरा, पण त्यासाठी वाकडी वाट करू नका. त्यापेक्षा चाकांत हवा बरोबर ठेवली आणि शंभरच्या जागी ऐंशीच्या वेगाने गेलात तर जास्त वाचेल. लेकरंही सुखरूप पोचतील.

टोलचं बघा. पारगावपासून पुढे नाके लागतातच. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, म्हणजे एका नाक्याला १५ रुपये. वर्षात दोन-तीन लांबचे प्रवास आणि अधूनमधून संभाजीनगर-खुलदाबाद होत असेल तर हा पास पैसे वाचवू शकतो. पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीला तो चालत नाही.

सीएनजीवाले म्हणतील, आमचं काय? किलोमीटरला सगळ्यात स्वस्त तुम्हीच. पण टाकीने डिकी खाल्ली की नवरीकडच्या बॅगा कुठे ठेवायच्या ते तुम्हीच ठरवा. वाटेतले पंप आधी बघून घ्या.

खरा प्रश्न येतो तो नवी गाडी घेताना. एकाच गाडीचं डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा लाख-सव्वा लाखाने महाग असतं. आपल्या हिशेबात डिझेल किलोमीटरमागे एक रुपया नव्वद पैसे वाचवतं. म्हणजे १ लाख २० हजार वसूल व्हायला ६३ हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. दुकान, शाळा, मशीद आणि वर्षाकाठी दोन लग्नं, अशी गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते. आठ वर्षं गेली. वरची रक्कम कर्जाने घेतली असेल तर त्यावरचं व्याज वेगळं. व्याजाच्या मसल्यात मी इथे शिरत नाही, तो ज्याचा त्याने आपल्या आलिमांना विचारावा. पण निव्वळ पैशाच्या अंगानेही ती बचत बँकेच्याच घरात जाते. शिवाय नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यातली गाळणी गल्लीबोळातल्या छोट्या फेऱ्यांनी चोंदते, तिला मधूनमधून मोकळा रस्ता लागतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, ते काही उगाच नाही. रोज बीड-संभाजीनगर करणारा व्यापारी किंवा वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर पळवणारा असेल, तर त्याने डोळे झाकून डिझेल घ्यावं.

चौघेच जाणार असाल तर घरची गाडी महागच पडते, मग ती कुठल्याही तेलावर चालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या दादाजानना फुकट, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. अंबाजोगाई-परळीकडच्यांना परळीहून हैदराबादची रेल्वे आहे. बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ ला पहिली रेल्वे मिळाली, ती अहिल्यानगरकडे जाते. परळीपर्यंतचं काम पूर्ण होईस्तोवर बीडच्या वऱ्हाडाला मांजरसुंब्याचा घाटच ओलांडायचा आहे. तेव्हा सातही सीट भरून निघा. एर्टिगात माणशी नऊशे रुपये पडतात आणि चाचांच्या बोलेरोत साडेआठशे.