छत्रीही हवी, टॉवरही
गडचिरोलीत हेमलकशाजवळ भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी, प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 ला आणलेलं ‘वेव्हज’ हे ओटीटी ॲप 2004 पासूनच्या ‘फ्री डिश’ या छत्रीवरच्या उपग्रह सेवेची जागा घेईल, असं मानणं घातक आहे. मोबाइल टॉवरची क्षमता वाटली जाते. पाहणारे वाढले की प्रत्येकाचा वेग घटतो, चित्र अडकतं. उपग्रहाला एक घर काय, लाख घरं काय, भार तेवढाच. शिवाय महिन्याचं भाडं नाही. मुसळधार पावसात छत्रीचंही चित्र जातं, हे खरं. पण सर ओसरली की ते परततं, टॉवरच्या तुटलेल्या केबलची दुरुस्ती मात्र रस्ता मोकळा होईपर्यंत खोळंबते. मग इंटरनेट हवंच कशाला? कारण सगळ्यांना एकच दाखवणाऱ्या वाहिनीत माडिया ही इथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलाचा धडा मावत नाही. बातम्या, पूरइशारे, सामने छत्रीवरून यावेत. माडियातले धडे रेंज असेल तेव्हा उतरवून छत्रीच्याच सेट-टॉप बॉक्समध्ये साठावेत आणि एकाच रिमोटवर मिळावेत. केंद्राने 2023 मध्ये मंजूर केलेल्या ‘बाइंड’ या प्रसारण विकास योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त भागांसाठी 8 लाखांहून अधिक मोफत बॉक्स ठरले होते. पुढच्या खेपेच्या निविदेत ही साठवणीची अट घातलीच पाहिजे.