सिंहाआधी शहर

केनियाहून परत आल्यापासून हॉस्टेलवर मला एकच प्रश्न विचारला जातोय, "सिंह दिसला का गं?" मेसमध्ये तोच, लॅबमध्ये तोच, रेक्टर मॅडमनीही तोच विचारला. दिसला. मसाई मारात तीन दिसले आणि तिघेही ढाराढूर झोपले होते! पण "नैरोबी कसं आहे?" असं एकानंही विचारलं नाही. दोष कुणाला देऊ? जाण्याआधी मीही त्यातलीच होते.

(शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी!)

बरेच टूरवाले काय करतात? रात्री नैरोबीला उतरवतात, हॉटेलात झोपवतात आणि पहाटे जीपमध्ये कोंबून माराकडे पिटाळतात. देशाची राजधानी म्हणजे जणू एस.टी. बदलायचा स्टँड! आमचाही बेत तसाच होता. पण मामा तिथे नोकरीला. तो हटूनच बसला, "आधी दोन दिवस शहर बघा, मग तुमचे सिंह." सगळ्यात जास्त कुरकुर मी केली. "मामा, शहरच बघायचं तर मुंबई काय वाईट आहे?" आता मात्र माझं ठाम मत झालंय की मामाचं बरोबर होतं, आणि म्हणूनच हा लेख.

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला रेल्वे म्युझियममध्ये नेलं. तिथे एक जुना डबा आहे. १९०० साली किमा स्टेशनवर एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला सिंहानं या डब्यातून ओढून नेलं. मी धावत जाऊन आधी त्याच डब्याचा फोटो काढला. मामा हसला आणि म्हणाला, "सिंह सापडला ना? आता ही रेल्वे बांधली कुणी, ते वाच."

वाचलं आणि गप्प झाले. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ही लाइन १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. बरेचसे पंजाबातले, जहाजात चढले कराचीला, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती. त्यातले सुमारे २,५०० परत आलेच नाहीत. आजारपण, अपघात आणि थोडे सिंहांमुळे. १८९९ साली रुळ एका दलदलीच्या माळापर्यंत पोचले, तिथे डेपो पडला आणि त्या डेपोचं झालं नैरोबी. म्हणजे हे अख्खं शहरच रेल्वेच्या कामातून जन्मलं! आम्ही इंजिनिअरिंगवाले, आणि हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळावं? सिंहांनी मारलेल्यांवर सिनेमे निघाले, तापानं मेलेल्यांवर कोण काढणार?

बाहेर पडल्यावर शहरच वेगळं दिसायला लागलं. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', मोटारीला 'गारी', आणि चहा-चपाती तर जशीच्या तशी. शब्द काही आपोआप समुद्र ओलांडत नाहीत, माणसं ते घेऊन जातात.

दुसऱ्या दिवशी नैरोबी नॅशनल पार्क. शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटर, ११७ चौरस किलोमीटरचं, १९४६ सालचं. जिराफाच्या मानेमागे टॉवर दिसतात. तीन बाजूंनी कुंपण, दक्षिण बाजू मोकळी, कारण जनावरांना ये-जा करायला वाट हवी. पण त्या बाजूलाही आता घरं आणि कुंपणं वाढतायत. शिवाय पार्कच्या आरपार सुमारे सहा किलोमीटरचा रेल्वे पूल आहे, २०१९ साली सुरू झालेला. जनावरांना खालून जाता यावं म्हणून तो उंच खांबांवर घेतलाय. खूप विरोध झाला, तरी झाला. या शहराला असे वाद नवे नाहीत. १९८९ मध्ये उहुरू पार्कमध्ये ६० मजली टॉवर उठणार होता. वांगारी माथाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तो बेत बारगळला. पुढे २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

त्या पुलाखाली उभी राहून मी मनात बीम मोजत होते आणि लाजही वाटत होती. उद्या असा पूल आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर येईल. बोरिवलीच्या बिबट्यांना विचारा!

म्हणूनच म्हणते, शहर आधी बघा. थेट मारात गेलं की वाटतं, आफ्रिका म्हणजे माणसांशिवायचा नुसता गवताळ माळ. शहर बघून गेलं की कळतं, त्या माळावर हक्क सांगणारे किती आहेत, आणि तो तसाच राखायला कुणाला काय सोसावं लागतं. सफारीची मजा कमी होत नाही, उलट डोळे उघडे राहतात.

मान्य, दोन दिवसांचा हॉटेलखर्च वाढतो. ट्रॅफिक आपल्यासारखंच भयंकर, पाकीटही सांभाळावं लागतं. पण ही कारणं मुंबईलाही लागू आहेत. उद्या कुणी परदेशी पाहुणा नागपूरला उतरला, ताडोबाचा वाघ बघून परत गेला आणि म्हणाला, "महाराष्ट्र पाहिला," तर आपल्याला चालेल का?

असो. मेसमध्ये भेटलात तर सिंहाबद्दल जरूर विचारा. फोटो दाखवीन. फक्त त्याआधी नैरोबीबद्दल एक प्रश्न विचारायचा!