मोटारीवरची सायकल आणि मागून येणारा माणूस

रविवारी पहाटे पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या मोटारींकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले, तर कुणाच्या टपावर, कुणाच्या डिकीमागे दोन-दोन, तीन-तीन सायकली बांधलेल्या त्याला दिसतील. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून जे ओळखले जाई, त्याच शहरातील सायकलस्वारांना आज मोकळ्या रस्त्याच्या शोधात सायकल मोटारीवर लादून घाटापलीकडे न्यावी लागते. असे का झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे विचार करावयाचा आहे तो सायकली ज्यावर बांधतात त्या रॅकचा.

मूठभर हौशी लोकांच्या या प्रश्नासाठी वर्तमानपत्रात जागा कशाला, अशी शंका काही वाचक घेतील. प्रस्तुत लेखकही दोन वर्षांपूर्वी असेच म्हणाला असता. परंतु वाईला जाताना, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेल्या रॅकचा एक पट्टा शिरवळच्या पुढे गतिरोधकाच्या हिसक्याने सैल झाला आणि एक सायकल रस्त्याच्या बाजूस लोंबू लागली. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने वेळीच ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला. तो गृहस्थ कामावर निघाला होता. रागावला नाही, ‘‘सर, नीट बांधून घ्या,’’ एवढेच म्हणून पुढे गेला. पट्टा मीच बांधला होता व रॅकही मीच निवडला होता.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देण्यासाठी मला सापडलेले नाही. स्वस्त रॅक घेऊन वाचलेले पैसे माझ्या खिशात राहिले. त्यापायी निर्माण झालेला धोका मात्र ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता, त्या माणसाच्या वाट्यास आला. म्हणूनच रॅकची निवड ही मोटारमालकाची केवळ खासगी बाब ठरत नाही.

रॅकचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला टपावरचा. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल, याची मर्यादा दिलेली असते. ती बहुधा कोणी वाचत नाही. ही मर्यादा ५० किलो आहे असे धरू. आडव्या दांड्यांचे ५ किलो आणि सायकल ठेवण्याच्या दोन पन्हळींचे ८ किलो वजा जाता ३७ किलो उरतात. सुमारे १४ किलोच्या दोन गिअरच्या सायकली त्यात सहज बसतील. २० किलोच्या दोन साध्या सायकली बसणार नाहीत. बॅटरीवर चालणारी सायकल तर बहुधा याहूनही जड असते. हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वीच कागदावर मांडावा. शिवाय टपावर सायकल चढली की एकूण उंची अडीच मीटरांच्या आसपास जाते, याचा विसर पडून तळघरातील वाहनतळात शिरणारे सायकल आणि टप दोन्ही गमावून बसतात. घरून निघतानाच ही उंची मोजून ती चालकासमोर चिकटवून ठेवावी.

दुसरा प्रकार पट्ट्यांनी डिकीच्या दारावर अडकवण्याचा. तो स्वस्त आणि म्हणून लोकप्रिय. पण सर्वाधिक काळजी मागणाराही तोच. त्याचे आकडे पत्र्याच्या भक्कम कडेला अडकले पाहिजेत, प्लॅस्टिकच्या पट्टीला किंवा काचेच्या कडेला नव्हे. सायकलीचे चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आले, तर उष्णतेने टायर खराब होतो. तिसरा प्रकार मोटारीच्या मागे सांगाड्याला जोडलेल्या लोखंडी दांड्यावर बसणारा. जड सायकलींसाठी तो सोयीचा खरा. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास मनाई असल्यामुळे, असा दांडा बसवण्यापूर्वी उत्पादकाकडे आणि आर.टी.ओ.कडे चौकशी करणे इष्ट.

मागील दोन्ही प्रकारांत नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाण्याचा दोष संभवतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली. ती सायकलीच्या चाकाआड दडणार असेल, तर त्या सक्तीला काय अर्थ उरतो? ब्रेकचा दिवा दिसला नाही, तर मागच्याला थांबण्याची सूचनाच मिळत नाही. जर्मनीत रॅकमुळे क्रमांक झाकला जात असेल, तर रॅकवर त्याच क्रमांकाची दुसरी पाटी लावावी लागते. आपल्याकडे निदान दिवे आणि क्रमांक उघडे राहतील असाच रॅक निवडावा.

रॅक चांगला असला, तरी बांधणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. रबरी दोर ताणला जातो, म्हणून मुख्य बांधणी त्यावर सोपवू नये. दोन्ही चाके व फ्रेम स्वतंत्रपणे आवळावी. मात्र कार्बनची फ्रेम चिमटीत दाबू नये, तिला तडा जाऊ शकतो. पंप, बाटली, पिशवी आधीच काढून ठेवावी. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा ताणून पाहावेत आणि प्रत्येक खराब रस्त्यानंतर तसेच करावे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो; ताशी ५० किलोमीटरला जो पट्टा निश्चल असतो, तो ताशी १०० ला तसाच राहील असे समजू नये. सायकली उतरल्यावर रिकामा रॅकही काढून ठेवावा. त्यायोगे इंधनाचीही बचत होते.

ग्राहकाने आणखी एक गोष्ट करावयास हवी. ज्या रॅकच्या वेष्टनावर भारमर्यादा आणि बसवण्याच्या सूचना नाहीत, तो विकत घेण्यास नकार द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष वस्तूची तसेच अपुऱ्या सूचनांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. परंतु गिऱ्हाईकच किमतीपलीकडे काही विचारीत नसेल, तर दुकानदार आपणहून सांगेल ही अपेक्षा व्यर्थ होय.

शिरवळजवळ भेटलेल्या त्या गृहस्थाचे नाव मी विचारले नाही. आता मात्र पट्टे आवळून झाले की मोटारीच्या मागे दहा पावले जाऊन मी उभा राहतो आणि दुचाकीवरून येणाऱ्याला येथून काय दिसेल, ते एकदा पाहून घेतो. त्याला जेमतेम एक मिनिट लागते.