पोरीचं लग्न आणि कोयत्याचा हिशोब

बालविवाह रोखल्याची बातमी नगरच्या पेपरांत अधूनमधून येते. कुणीतरी १०९८ वर फोन केलेला असतो, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोचतात, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं. बातमी तिथंच संपते. त्यावरची बोलणीही ठरलेली. अडाणी लोक, कधी सुधारणार, प्रबोधन व्हायला हवं वगैरे.

मला या 'अडाणी' शब्दाचाच राग येतो.

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली एक साधी गोष्ट सांगून ठेवलीय. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव बघा, त्याचं कसब बघा. पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर माणसांचे स्वभाव तपासत बसण्यात अर्थ नाही, रचनेतच काहीतरी बिघडलंय. आता आपल्याकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. म्हणजे पाचातली एक. एवढी घरं एकाच वेळी अडाणी कशी असतील?

पाथर्डी तालुका घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली आणि शेजारच्या बीडमधली वाड्या-वस्त्यांवरची माणसं ऊस तोडायला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की तो पूर्ण होतो आणि उचलही पूर्ण मिळते. ही झाली पोराच्या घरची बाजू.

पोरीच्या घरची बाजू याहून अवघड. चौदा-पंधरा वर्षांची पोर. गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत. आईबाप सहा महिने बाहेर. मागे ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर, सोबत न्यायची तर कारखान्याजवळच्या उघड्या माळावरच्या कोपीत, जिला धड दारही नसतं. भर पहाटे आईबाप फडात गेले की ती एकटीच. यावर तिसरा मार्ग म्हणजे तिचं लग्न. ती 'जबाबदारी' दुसऱ्याच्या घरी जाते. आता याला अंधश्रद्धा म्हणायचं की हिशोब? मी समर्थन करत नाहीये. त्याच कोपीत ती पोर सोळाव्या वर्षी बाळंत होते, आणि तिच्या घामाचे पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. हिशोब क्रूर आहे, पण तो हिशोबच आहे, आणि हिशोब प्रबोधनानं बदलत नाही.

यातली खरी बोच अशी की हे आपल्याच जिल्ह्यात घडतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडचा भाग भिजला, आणि १९५० साली लोणीजवळ आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष. त्या कामाची थोरवी मी कमी लेखत नाही. शेतकरी स्वतःच कारखान्याचा मालक झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण सहकारात सभासद झाला तो ऊस लावणारा. ऊस तोडणारा बाहेरच राहिला, आणि तोडणारीचं तर नावच कुठं नव्हतं. (पाथर्डीतही वृद्धेश्वर कारखाना आहे, त्यामुळे 'उत्तर श्रीमंत, दक्षिण गरीब' असं सरळ चित्र काढता येत नाही, हेही खरं.)

संघर्षाच्या नजरेनं समाज बघणारे विचारतील, याचा फायदा कुणाला? उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. जोडीनं तोडणी झाली की मजूर स्वस्त पडतो, स्वयंपाक, पाणी, पोरं हे सगळं तिच्याकडून फुकटात होतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, चांगलंच झालं. पण दर टनावरचा, आणि टन दोघांचा. कोयता फोडून तिची मजुरी तिच्या नावावर, तिच्या खात्यात जमा करा, ही मागणी वाटाघाटीच्या टेबलावर दर वेळी पहिली का नसते?

तोडणी मजुरांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये सरकारनं वसतिगृहांची योजना आणली. नाव दिलं संत भगवानबाबांचं, ज्यांचा गड पाथर्डी तालुक्यातच आहे. मला विचाराल तर बालविवाहावरच्या शंभर पथनाट्यांपेक्षा असं एक वसतिगृह, जे दसऱ्याआधी उघडेल, जिथं बाई रेक्टर असेल आणि दाराला कडी असेल, ते जास्त लग्नं थांबवील. मांडवात पोलीस पोचले, ही बातमी मी कितीदा तरी वाचलीय. हंगामाआधी किती मुलींची राहायची सोय झाली आणि किती खाटा कमी पडल्या, हे छापलेलं वाचायचंय.