फावल्या वेळचे उद्योग : आधीं कडा, मग मावळे

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं अंगणाच्या कोपऱ्यांत मातीचा किल्ला उभा राहूं लागतो. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वरून चिखलाचा लेप, अळिवाची पेरणी आणि शेवटीं बाजारांतून आणलेले मावळे. दरवाजापेक्षां पहारेकरी उंच असतो, बुरुजापेक्षां घोडा मोठा असतो; मुलांना त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं, आणि वाटूंही नये. खेळाचा आनंद हा किल्ला पुरेपूर देतो. परंतु ज्या घरांतील मुलें आतां जाणतीं झालीं आहेत, त्यांनीं वडील माणसांस जोडीला घेऊन याच उद्योगाची पुढील पायरी अवश्य चढून पाहावी. इतिहासांतील एकच प्रसंग निवडावा, तो जेथें घडला तें स्थळ योग्य प्रमाणांत हुबेहूब तयार करावें आणि मग त्यावर सैनिकांच्या लहान मूर्ति मांडाव्या. इंग्रज यास डायोरामा म्हणतात; आपणांस ‘देखावा’ हा घरचा शब्द पुरेसा आहे. खेळांतील किल्ल्यास कोणी पुरावा मागत नाहीं. देखावा मात्र पाहणाऱ्यास सांगत असतो कीं ‘हें असें घडलें’. म्हणून तो करणाऱ्यावर साक्षीदाराची जबाबदारी येते.

ही जबाबदारी केवढी जड होऊं शकते, याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईचा देखावा करण्याचें काम १८३० सालीं विल्यम सायबोर्न या लष्करी अधिकाऱ्याकडे आलें. हा गृहस्थ बेल्जममधील त्या रणभूमीवरच एका शेतवाड्यांत आठ महिने राहिला आणि तेथील उंचवटे, वाटा व कुंपणें त्यानें मोजून काढलीं. मग लढाईंतून वांचलेल्या अधिकाऱ्यांस त्यानें पत्रें पाठविलीं : सायंकाळीं सातच्या सुमारास आपली पलटण कोठें होती, समोर शत्रु कोणत्या रचनेंत होता, इतकेंच काय पण त्या जागीं शेतांत पीक कोणतें होतें? कांहीं वर्षांनीं सरकारनें पैसा देण्याचें नाकारलें, तरी कर्ज काढून त्यानें काम चालू ठेविलें. १८३८ सालीं लंडनांत लोकांपुढें आलेल्या त्या देखाव्याचा विस्तार सुमारें ४०० चौरस फूट होता व त्यावर सत्तर हजारांहून अधिक धातूचे इवलेसे शिपाई होते.

पाहावयास लोक लोटले. पण तंटाही तेथेंच उभा राहिला. निर्णायक क्षणीं मदतीला आलेलें प्रशियाचें सैन्य रणभूमीवर कोठपर्यंत पोंचलें होतें, याविषयींची सायबोर्नची मांडणी ड्यूक ऑफ वेलिंग्टन व त्याचे निकटवर्ती यांना रुचली नाहीं. तिच्यामुळें विजयाच्या श्रेयाला वांटेकरी निघत होता. अखेर त्या मांडणींत फेरफार करणें सायबोर्नला भाग पडलें, आणि घातलेला पैसा पदरांत न पडतांच १८४९ सालीं तो वारला. तो देखावा आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे. बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या शिपायांची जागा इकडची तिकडे करण्यावरून मोठमोठीं माणसें कष्टी होतात, याचा अर्थ ती जागा म्हणजे एक विधानच असते.

आपल्याकडील प्रसंग घ्यावयाचा तर तानाजी मालुसऱ्यांनीं ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं केलेली सिंहगडची चढाई घ्यावी. प्रथम प्रमाण ठरवावें. छंदी लोकांत ५४ मिलिमीटर उंचीची मूर्ति फार प्रचलित आहे. ती खऱ्या माणसाच्या सुमारें बत्तिसाव्या हिश्शाची असते. गड पायथ्यापासून सुमारें ७०० मीटर उंच धरला, तर या प्रमाणांत तो बावीस मीटर, म्हणजे सातमजली इमारतीएवढा होईल! तेव्हां सगळा गड करण्याचा मोह सोडावा. डोणागिरीच्या कड्याचा दहा मीटरांचा तुकडा घेतला कीं तो जेमतेम एक फूट उंच होतो आणि पाटावर मावतो. मूर्ति पांच-सहा पुरेत. अंगठ्याएवढा दोर या प्रमाणांत जाड शिवणदोऱ्याएवढा होतो, हें मुलांकडूनच गणित करवून काढवावें.

आतां कडा. सह्याद्रि हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झाला आहे. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हां कडा, असे आडवे पट्टे त्यांत दिसतात. म्हणून चिखलाचा गोल ढीग करून भागणार नाहीं. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कडा फाडून एकावर एक आडवे चिकटवावे, त्यांवर सरसांत भिजविलेला कागदाचा लगदा लिंपावा, आणि तो ओला आहे तोंच सुरीच्या टोंकानें उभ्या भेगा पाडाव्या. वाळल्यावर सर्वत्र काळसर रंग द्यावा. तो सुकला कीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें करडा रंग केवळ उंचवट्यांवरून फिरवावा. भेगा काळ्या राहतात आणि दगडाला दगडपण येतें.

येथें अळीव पेरूं नये. महिना माघ आहे. पावसाळ्यांतील हिरवें गवत केव्हांच वाळून पिवळें पडलें आहे. काथ्याचे तंतु अर्धा इंच कातरून झुपक्या-झुपक्यांनीं लावावे, म्हणजे गुडघाभर वाळलें गवत दिसेल. तिथि वद्य नवमी. चंद्र उगवावयास मध्यरात्र उलटावी लागते. मागील पडदा म्हणून गडद असावा. इतकें झाल्यावर मुलानें कड्याच्या तळाशीं डोळा नेऊन वर पाहावें. या बाजूनें कोणी येईल हें गडावरील पहारेकऱ्यांच्या मनांत कां आलें नसेल, तें त्याला न सांगतां कळेल.

राहिली घोरपड. ती पोवाड्यांतून आली आहे. समकालीन कागदांत तिला आधार नाहीं. ती कड्यावर नसावी, असें मी म्हणेन. घरांतील आजीला याचें वाईट वाटेल. तिला देखाव्याशेजारीं बसवून घोरपडीची गोष्ट सांगावयास लावावें. गोष्टीचें स्थान कानांत आहे आणि तें थोडें नाहीं. पण डोळ्यांनीं पाहिलेलें मूल जन्मभर खरें धरून चालतें. सायबोर्नला सरदाराच्या मर्जीपुढें नमावें लागलें. आपणांस नमविणारें आपलेंच प्रेम असतें, आणि त्याला नाहीं म्हणणें अधिक कठीण.

शेवटीं पुढल्या कडेस एक लहान पाटी लावावी : स्थळ, तिथि, प्रमाण, आणि खालीं दोन ओळी, कागदपत्रांवरून काय घेतलें व आपल्या कल्पनेनें काय भरलें. त्या दोन ओळी मुलांनींच लिहाव्या. कडा व मावळे कांहीं वर्षांनीं धूळ खात पडतील. परंतु माहीत असलेलें आणि मानलेलें वेगळें मांडण्याची ही संवय पुढें त्यांच्या प्रत्येक कामीं येईल.